पेरणीआधी पोत्याला विचारा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण मृग तीन आठवड्यांवर आलाय आणि हे आत्ता लिहिलं नाही तर नंतर लिहून उपयोग नाही. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात सोयाबीनची पोती थप्पीला लागलीत त्यांनी तर वाचाच.

जून २०२० आठवतोय का? लॉकडाऊनचे दिवस. पाऊस वेळेवर आला होता, चांगला आला होता. आम्ही सहा एकर सोयाबीन पेरलं. दुकानातून आणलेलं, टॅग लावलेलं, शिक्का मारलेलं बियाणं. पाचव्या दिवशी रानात गेलो, काही नाही. सातव्या दिवशी गेलो, तासात कुठंतरी एखादा कोंब मान वर काढून उभा. आठव्या दिवशी आबा स्वतः आले. तासात बसले, बोटानं माती उकरली, एक बी काढलं आणि अंगठ्यानं दाबलं. बुळबुळीत झालं होतं. आबा एवढंच म्हणाले, "ह्यात जीवच नव्हता रे. मेलेलं पेरलं आपण."

त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात अशा हजारो तक्रारी झाल्या. प्रकरण इतकं वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पंचनामे झाले, गुन्हे दाखल झाले, काहींना बियाणं बदलून मिळालं. आमच्याकडे पंचनामा झाला, कागदावर सह्या झाल्या. पण दुबार पेरणीचं बियाणं, ट्रॅक्टरचं भाडं आणि गेलेले पंधरा दिवस आमच्याच खिशातून गेले. पंधरा दिवस म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. उशिरा पेरलेलं सोयाबीन परतीच्या पावसात सापडतं.

मी त्या वेळी इथंच फेसबुकवर भलीमोठी शिवीगाळ लिहिली होती. आज शिवीगाळ करायची नाहीये. आज कारण सांगायचंय, कारण कारण कळलं की अर्धी लढाई आपल्या हातात येते.

२०२० मध्ये बियाणं मेलं नव्हतं. ते २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मेलं होतं. आठवा तो पाऊस. काढणीला आलेलं सोयाबीन रानात उभं, कापलेल्या सुड्या पाण्यात, शेंगांना जागेवर कोंब. बीजोत्पादनाचे प्लॉट काही वेगळ्या आभाळाखाली नव्हते. त्याच पावसात भिजलेलं, नंतर वाळवलेलं, वरून छान पिवळं दिसणारं बी पुढच्या जूनमध्ये पिशवीत आलं. घरी ठेवलं होतं त्यांचंही तेच झालं. फरक एवढाच, की घरी ठेवलेल्याला आपण पेरणीआधी तपासू शकत होतो. बहुतेकांनी तपासलं नाही.

आता जरा बियाण्याबद्दल बोलू. आपण पेरतो सगळेच, पण बी आतून कसं असतं याचा विचार कमी करतो.

बी म्हणजे झोपलेलं रोप. काही बियांची झोप गाढ असते. काढल्या काढल्या पेरलं तर उगवत नाहीत, त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात. कृषीच्या पुस्तकात याला सुप्तावस्था म्हणतात. पसऱ्या भुईमुगाचं असं असतं, काढून लगेच टोकला तर निम्मं रान मोकळं. उपट्या भुईमुगाला मात्र ही झोप जवळपास नाहीच, म्हणून काढणी लांबली आणि पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतो. भाताच्या काही वाणांना काढणीनंतर काही आठवडे झोप लागते. आणि काही बियांचं टरफलच इतकं कडक असतं की पाणी आत शिरत नाही. उसळ करताना एखादा मूग कितीही भिजवला तरी दगडासारखा राहतो, आपण त्याला कुचर म्हणतो. स्वयंपाकघरात तो दाताखाली येतो म्हणून आपण वैतागतो. रानात तोच कुचर दाणा पुढच्या वर्षी न पेरता उगवतो.

ही झोप निसर्गानं उगाच दिलेली नाही. ताजं बी पहिल्याच पावसाला उगवलं आणि नंतर उघडीप पडली तर सगळं कूळच संपेल, म्हणून निसर्गानं काही बियांना थांबायला शिकवलं.

सोयाबीनचं उलटं आहे. सोयाबीनला झोप नाही म्हटलं तरी चालेल. नीट पिकलेलं, नीट वाळलेलं सोयाबीन उगवायला तयारच असतं. पण त्याचं आयुष्य कमी. ज्वारी, गहू, हरभरा जसा कोठीत टिकतो तसं सोयाबीन टिकत नाही. त्यात तेल जास्त, टरफल कागदासारखं पातळ, आणि ज्यातून मूळ फुटायचं तो कोंबाचा भाग टरफलाच्या अगदी खाली, जवळजवळ उघड्यावरच. एक जोराचा फटका बसला की बी बाहेरून धड आणि आतून जायबंदी. डोळ्याला काही दिसत नाही. जूनमध्ये दिसतं.

म्हणजे सोयाबीनचं बी 'उगवायला तयार करणं' हे जूनचं काम नाही. ते काढणीच्या दिवशी सुरू होतं. आपल्याकडे नेमकं काय होतं बघा.

हार्वेस्टर येतो. त्याचा दर एकरावर ठरलेला. त्याला आज तुमचं उरकून उद्या दुसऱ्या गावाला जायचंय. ड्रम जोरात फिरतो. मळणी यंत्रवाल्याचंही तेच. विद्यापीठाची माणसं सांगून थकली की बियाण्यासाठीच्या सोयाबीनची मळणी ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० ठेवा, १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० वर आणा. ऐकतंय कोण? फेरे कमी केले की वेळ जास्त लागतो, डिझेल जास्त लागतं, आणि मालक म्हणतो, "दादा, एवढ्या हळू चालवायला मला परवडत नाही." त्याचंही खोटं नाही.

मग पोती भरली. पोतं ट्रॉलीतून खाली आपटलं. घरात जागा नाही म्हणून फरशीवर, भिंतीला टेकून, शेजारी युरियाच्या गोण्या. त्यावर अजून चार पोती. सहा महिन्यांनी तेच पोतं उघडून आपण म्हणतो, बियाणं चांगलं दिसतंय.

माझ्या घरचं सांगतो, दुसऱ्याचं कशाला. २०२० नंतर मी ठरवलं की बियाणं घरचंच ठेवायचं. पहिल्या वर्षी तीन पोती ठेवली, साठ-साठ किलोची, बरोबर सहा एकराची. मे महिन्यात उगवण तपासली. कशी ते खाली सांगतो. पहिल्या पोत्याची उगवण ८२ टक्के आली, दुसऱ्याची ७६, तिसऱ्याची ५४.

तिन्हीची सरासरी काढा. ७० च्या थोडी वर येते. आणि प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्केच उगवण लागते. म्हणजे मी तिन्ही पोत्यांतून मूठ-मूठ काढून एकत्र तपासलं असतं तर 'पास' म्हणून खुशीत पेरलं असतं आणि दोन एकर विरळ गेलं असतं. हिनं विचारलं, "तिसरंच पोतं का असं?" आठवून बघितलं. ते पोतं शेवटी आलेलं, जागा नव्हती म्हणून खताच्या शेजारी, थेट फरशीवर ठेवलेलं. वाण तोच, रान तेच, दिवसही जवळपास तोच. जागेनं घात केला.

ते पोतं विकून टाकलं आणि दोन एकराचं बियाणं चुलत्याकडून आणलं. आणण्याआधी त्याचंही तपासलं. काका हसले, म्हणाले, "माझ्यावर भरोसा नाही व्हय रं?" म्हटलं, "काका, तुमच्यावर आहे. पोत्यावर नाही."

आता तपासायचं कसं. हे सगळ्यांना माहीत आहे असं सगळे म्हणतात आणि करत कोणीच नाही, म्हणून परत सांगतो.

१) प्रत्येक पोत्याचं वेगळं तपासा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं-थोडं बी काढा आणि मिसळा. त्यातून १०० बिया मोजा. इथं एक चूक सगळे करतात: हात आपोआप चांगल्या, टपोऱ्या बियांकडे जातो. तसं करू नका. जे हाताला येईल ते घ्या. स्वतःलाच फसवण्यासाठी परीक्षा घ्यायची नसते.

२) गोणपाट स्वच्छ धुऊन ओला करा. त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी लावा, बियांमध्ये बोटभर अंतर ठेवा. वरून दुसरा ओला गोणपाट टाका, दोन्हीची हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. ओल राहिली पाहिजे, पाणी साचायला नको.

३) सहा-सात दिवसांनी उघडा आणि मोजा. नुसता कोंब दिसला म्हणून मोजायचं नाही. ज्याला मूळ धड आहे, कोंब धड आहे, तेच मोजा. वाकडं, तुटकं, बुरशी धरलेलं सोडून द्या. ७५ मोजले तर उगवण ७५ टक्के.

४) ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो. ७० च्या खाली गेलं तर प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा. म्हणजे ६० टक्क्यांना ३५ किलो. ६० च्याही खाली असेल तर माझं मत सरळ आहे: ते बियाणं नाही, तो बाजाराचा माल आहे. विकून टाका.

५) पेरायच्या आधी बुरशीनाशकाची प्रक्रिया करा आणि जिवाणू खत (रायझोबियम, पीएसबी) शेवटी लावा. आधी औषध, मग जिवाणू, नंतर बी सावलीत सुकवा. उलटं केलं तर औषधानं जिवाणूच मरतात. आणि हे करताना बी फावड्यानं घोळसू नका, टरफल निघतं. हलक्या हातानं करा.

६) ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका आणि बी तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. गोणपाटावर ८० टक्के उगवलेलं बी रानात ८० टक्के उगवेलच असं नाही. गोणपाटावर त्याला सगळे लाड मिळतात. रानात वरून माती, खालून कमी ओल. पाच दिवस उघडीप पडली की चांगल्या बियाण्याचाही दम निघतो.

एवढंच. खर्च शून्य रुपये. वेळ पहिल्या दिवशी अर्धा तास आणि मग रोज दोन मिनिटं.

काही जण म्हणतील, घरचं बियाणं ठेवलं की वाण खराब होतो. सोयाबीन हे सरळ वाणाचं पीक आहे, स्वतःच्याच फुलात फळणारं. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं घेतलं तर पुढची दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. शासनाचंच धोरण सांगतं की सोयाबीनचं दरवर्षी साधारण ३५ टक्के बियाणं बदला, म्हणजे तीन वर्षांत एकदा. हेच बीटी कपाशीला चालत नाही, कारण ते संकरित. त्याची सरकी ठेवून पेरली तर एक झाड एक प्रकारचं, दुसरं भलत्याच प्रकारचं. दोन्हीची गल्लत करू नका.

आणि हो, उन्हाळी सोयाबीनचं. २०२० नंतर बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन करा असा प्रचार सुरू झाला. कल्पना चांगली आहे: एप्रिल-मेमध्ये काढलेलं ताजं बी, पावसाळ्यात भिजायची भीती नाही, साठवायला महिनाच. पण मे महिन्यात दाणा इतका खडखडीत वाळतो की ड्रममध्ये जरा जोर झाला की डाळच होते. ज्यांनी यंदा केलंय त्यांनी मळणी सकाळच्या गारव्यात, कमी फेऱ्यांवर करा. भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर वाळत घालू नका. आणि 'ताजं आहे, तपासायची काय गरज' असं तर अजिबात म्हणू नका. ताजं असणं वेगळं आणि जिवंत असणं वेगळं.

इथपर्यंत बियाण्याचं झालं. आता सार्वजनिक मुद्द्याचं.

दरवर्षी उन्हाळ्यात 'घरचं बियाणं वापरा' ही मोहीम येते. मोहीम चांगली आहे, मी वर तीच करतोय. पण मला तिच्यात एक अर्धवट गोष्ट दिसते. घरचं बियाणं का राहत नाही, हे कोणी विचारत नाही. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून राहत नाही, असं गृहीत धरलेलं असतं.

हिशेब करा. सहा एकराचं बियाणं म्हणजे १८० किलो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपासचा माल मला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत घरात अडकवून ठेवायचाय. ज्याच्याकडे नोकरीचा पगार येतो त्याला हे काहीच नाही. पण ज्याचं दुकानाचं खतऔषधाचं बिल दिवाळीला थकलेलं आहे, पोराची फी भरायची आहे, त्याला तेच साडेनऊ हजार पुढचं कर्ज मिळायचं की नाही हे ठरवतात. तो सगळं विकतो. आणि जूनमध्ये तेवढंच बियाणं दीडपट-दुपटीनं, तेही उधारीवर आणतो. पुन्हा पुढची दिवाळी दुकानाची. आमच्या गावात हे चक्र मी लहानपणापासून बघतोय. पूर्वी आजी उतरंडीत, कणगीत राख मिसळून बियाणं ठेवायची आणि त्याला हात लावू द्यायची नाही. दुष्काळातही बियाणं खायचं नाही, हा नियम होता. तो नियम मोडला तो आळसानं नाही, उधारीनं मोडला.

दुसरं, जबाबदारीचं. घरचं वापरा म्हणजे उगवलं नाही तर तुमचं तुम्ही बघा, असा अर्थ निघता कामा नये. जो बियाणं विकतो त्याची जबाबदारी तशीच राहिली पाहिजे. ज्या कायद्यावर आपल्या दोन पिढ्या पेरत आल्या तो बियाणे कायदा १९६६ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. पुन्हा केलं तर एक हजारापर्यंत किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. सहा एकराची दुबार पेरणी करायला मला किती लागले ते मी सांगत नाही, तुम्हीच अंदाज करा आणि ५०० शी ताडून बघा. नवं विधेयक २००४ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, ते कायदा झालंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं पुन्हा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, त्यात दंडाच्या रकमा लाखांत आहेत. छान. पण दंड सरकारच्या तिजोरीत जातो. माझं रान त्यानं उगवत नाही. कायद्यात हवी ती एकच गोष्ट: पंचनाम्यानंतर ठरलेल्या दिवसांच्या आत शेतकऱ्याच्या खात्यात भरपाई. बियाण्याची किंमत परत एवढंच नाही, गेलेल्या पेरणीचीही.

तोपर्यंत आपल्याकडे काय आहे ते माहीत असू द्या. 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१' हा आपल्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क देतो. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला बियाणं दिलं म्हणजे गुन्हा केला असं कोणी घाबरवलं तर घाबरू नका. आणि विकतचं बियाणं उगवलं नाही तर शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात स्पष्ट केलंय. सगळं बी पेरून झाल्यावर शेतकऱ्यानं प्रयोगशाळेसाठी नमुना कुठून आणायचा, हाही विचार त्या निकालात झालाय.

तरीही, विकत घेणाऱ्यांनो, पक्कं बिल घ्याच. पिशवी वरच्या शिवणीकडून नाही, खालून फोडा, म्हणजे टॅग शाबूत राहील. टॅग, पिशवी आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही तर मोडण्याआधी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रान मोडून दुबार पेरल्यावर पंचनामा कशाचा करणार? २०२० मध्ये आमच्या भावकीतल्या दोघांचं असंच गेलं. ओल जाईल म्हणून घाईनं मोडलं आणि पुरावा मातीत गेला.

आता माझं म्हणणं थोडक्यात. मला गावपातळीवर तीन गोष्टी हव्यात, आणि त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

एक, मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा शाळेच्या व्हरांड्यात सामूहिक उगवण तपासणी. प्रात्यक्षिकं होतात, हे मला माहीत आहे. एका शेतकऱ्याच्या घरी एक गोणपाट, आठ माणसं, एक फोटो. मला फोटो नकोय, वही हवीय. कुणाच्या कुठल्या पोत्याची किती टक्के उगवण, हे लिहिलेली गावाची वही. मग ज्याच्याकडे जास्त आहे आणि ज्याला हवंय, ते दोघं वही बघून एकमेकांना भेटतील. मध्ये दुकान लागणार नाही.

दोन, बियाण्यासाठी वेगळी मळणी. गटानं ठरवून गावातल्या एका मळणी यंत्रावर बियाण्याचे प्लॉट हळू फेऱ्यांवर काढायचे आणि मालकाला त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे. त्याला परवडत नाही तर परवडेल असं करू. क्विंटलमागे थोडे जास्त गेले तरी दुबार पेरणीपेक्षा ते स्वस्तच आहे.

तीन, बियाण्यावर उचल. सोसायटीनं, बचत गटानं किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं दिवाळीला बियाण्याच्या पोत्यांवर हमीभावाच्या हिशेबानं रक्कम आगाऊ द्यावी, पोती सुरक्षित कोरड्या जागी, लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि जूनमध्ये शेतकऱ्यानं ती सोडवून न्यावीत. सोनं ठेवून कर्ज मिळतं, तर बियाणं ठेवून का नाही? या तिन्हींत ही सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची. कारण ज्याच्या घरात बियाणं राहतं तो जूनमध्ये दुकानाच्या दारात हात जोडून उभा राहत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचं तोंड न बघता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला होता. पण बीजमातेचा फोटो स्टेटसला आणि घरातलं पोतं खताच्या गोणीला टेकलेलं, हे काही बरोबर नाही.

आबा गेल्याला आता तीन वर्षं झाली. शेवटच्या मे महिन्यात त्यांना फारसं चालता येत नव्हतं. पण गोणपाट उघडायच्या दिवशी ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मी मोजत होतो, ते ओळीत बोट ठेवून बघत होते. मी एक वाकडा कोंब धरला तर म्हणाले, "तो नको धरू. तुझ्या समाधानासाठी उगवणार नाही तो." तो सोडला. ७९ आले.

काल संध्याकाळी या वर्षीचे गोणपाट लावलेत. चार पोती, चार गुंडाळ्या, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधून चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात उघडतो आणि आकडे इथंच टाकतो, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

तुम्हीही आज लावा. आकडा आला की कमेंटमध्ये टाका: गाव, वाण, टक्के. आपली वही इथूनच सुरू करू. ज्यांचं कमी येईल त्यांनी लाजू नका. मे महिन्यात कळलं तर काहीतरी करता येतं. जूनमध्ये रानात कळलं की फक्त माती उकरत बसावं लागतं.